पौषातले गड्डे

पौषात घर हलवू नये म्हणतात.
बदलीच्या कागदाला पौष कळत नाही.
गंगाखेडचं क्वार्टर सोडून सात दिवसांत
उदगीरला हजर व्हायचं,
आणि तिथली खोली तिसऱ्या मजल्यावर.

भांडीकुंडी एका दुपारात बांधून झाली.
अंगण बांधायला चार दिवस लागले.

आधी शेवंती. फुलं काळपटली होती,
पण बुडाशी काश्या फुटलेल्या, दाट, कोवळ्या.
एकेक मुळासकट सोडवली,
मधलं जुनं खोड टाकून दिलं.
कडेचीच पोरं न्यायची असतात.

मग गवती चहा. त्याचा ठोंब कुदळीला दाद देईना.
हाफीज ॲम्ब्युलन्स सावलीला लावून आला,
म्हणाला, "सिस्टर, हे गवत हाय का दाढ?"
अन् पहारीनं उचकटून काढला.
चार तुकडे केले. एक त्याला, एक नजमाआपाला,
एक ओपीडीमागं नळाच्या सांडपाण्यावर,
एक ओल्या पोत्यात.

कर्दळीच्या गड्ड्यावर मात्र विळा थांबला.
अकरा वर्षांत किती नाळा कापल्या, मोजल्या नाहीत,
हात कधी अडला नाही.
इथं कुठं कापायचं तेच कळेना.
आई कुठं संपते याचा पत्ता नाही,
सगळीकडून डोळेच डोळे.
शेवटी दोन डोळ्यांना एक तुकडा, असा हिशेब धरला,
कापल्या अंगाला आपाच्या बंबातली राख लावली.

गुलछडीचे कंद, आंबेहळद
दोन दिवस सावलीत वाळवून
बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात
गोदावरीच्या कोरड्या वाळूचे थर देऊन ठेवले.
बाळांच्या मनगटाला बांधायच्या पट्ट्या उरल्या होत्या.
त्यावर लिहिलं: गुलछडी, डबल. तारीख.
वजनाची जागा रिकामी सोडली.

राहिला भुईचाफा.
पौषात तो असतो कुठं? पान नाही, काडी नाही,
काळी माती वरून सगळी सारखीच.
न्हाणीपासून तीन पावलं, एवढंच आठवत होतं,
पण पावलं कसली? तेव्हा मी पोटुशी होते,
लहान टाकत असणार.
तीन जागी खणलं. एकदा खापर निघालं,
एकदा सलाईनच्या बाटलीचं बूच,
एकदा पोराची हरवलेली गोटी.
टेम्पोवाला हॉर्न देत होता.
खड्डे बुजवले, आणि निघाले.

उदगीरला थंडी जास्त. पहाटे नळाचं पाणी बोटं चावतं.
पोतं ओलं ठेवायचं, डबा कोरडा,
उलटं झालं की दोन्ही जातात.
डबा पलंगाखाली. रात्रपाळीहून आले
की झाकण काढून बोटानं चाचपायचे.
कडक म्हणजे जिवंत.
मऊ लागला की बाहेर, शेजारच्याला लागायच्या आत.
माघात सात गेले. घरात कुणाला बोलले नाही.
मालकीणबाईंनी विचारलं, एवढं काय जपता डब्यात?
"वाळू," म्हणाले. खोटं नव्हतं.

चैत्रात फोन आला.
क्वार्टरमधली नवी सिस्टर, लोखंडे, आवाज अजून परका.
"मॅडम, न्हाणीपाशी जमीन भेगाळलीय,
अन् भेगेतून फूल आलंय. जांभळं, पांढरं.
पान नाही, फांदी नाही,
कुणी खोचून ठेवल्यासारखं.
वासासाठी गुडघ्यावर बसावं लागतं."

किती पावलांवर, मी विचारलं.
ती मोजायला गेली, फोनमध्ये चपला वाजल्या.
"पाच," म्हणाली.
गड्डा सरकला असेल,
किंवा मी भलत्याच दारापासून मोजत होते.

"पाणी टाकू का?"
"टाक. पण उन्हं उतरल्यावर."